होळीची गाठी आणि घरचा मार्शमॅलो

होळी जवळ आली की वर्ध्याच्या बाजारात पांढऱ्या, गुलाबी गाठ्यांच्या माळा लटकू लागतात. लेकरांच्या गळ्यात पडलेल्या माळेचा संध्याकाळपर्यंत नुसता दोरा उरतो!

गाठीसाठी साखरेचा पाक उकळतात, थोडं दूध घालून वर आलेली मळी काढतात आणि दोरा ठेवलेल्या लाकडी साच्यात पाक ओततात. निवताना साखरेचे बारीक स्फटिक बनतात, म्हणून गाठी कडक आणि ठिसूळ होते.

मार्शमॅलोमध्ये याच्या उलट, स्फटिक टाळायचे असतात. त्यासाठी साखरेत ग्लुकोज सिरप घालून पाक सुमारे 115 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, थंड पाण्यात भिजवलेल्या जिलेटिनवर ओततात आणि इलेक्ट्रिक बीटरने साधारण 10 मिनिटं फेटतात. हवा भरून मिश्रण पांढरंशुभ्र फुगतं. ते तेल लावलेल्या ट्रेमध्ये रात्रभर ठेवून कापायचं, मग कॉर्नफ्लोर आणि पिठीसाखरेत घोळवायचं.

जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून मिळतं. शाकाहारी घरात समुद्री शेवाळापासून बनणारं चायना ग्रास चालतं. मात्र ते पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावं लागतं, आणि वडी ताणली न जाता पटकन तुटते.

तयार वड्या हवाबंद डब्यातच ठेवा. दमट हवेत साखर ओलावा ओढते आणि त्या चिकट होतात.