पायाची साक्ष

गुहागरच्या वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत रस्त्याच्या समुद्राकडील अंगाला जी घरे आहेत, त्यांच्या मागील दारापासून नारळी-पोफळींच्या आगरांतून पुळणीकडे उतरणाऱ्या वाटा आषाढ-श्रावणात डोळ्यांना जितक्या सुखावह, तितक्याच पावलांना घातक असतात. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पर्जन्य पडतो, तेथे विहिरीकाठच्या जांभ्या चिऱ्यावर, पाखाडीच्या पायऱ्यांवर आणि न्हाणीच्या उंबऱ्यापुढे शेवाळाचा अंमल चार महिने अबाधित चालतो. आणि एका हातात छत्री व दुसऱ्या हातात कळशी असता पाऊल आतल्या बाजूस वळून मनुष्य एकदा पडला, की घोटा सुजतो, आंबेहळद-तुरटीचा लेप चढतो, आणि ‘मुरगळला असेल, होईल बरा’ असा निवाडा माजघरातच दिला जातो. या निवाड्याला आधार असतो तो एकाच साक्षीदाराचा, आणि तो साक्षीदार म्हणजे वेदना. दुखते किती, यावरून मोडले किती हे ठरते. दुखायचे थांबले, म्हणजे बरे झाले असे गृहीत धरले जाते. वैद्यकशास्त्राचा गेल्या सव्वाशे वर्षांचा अनुभव मात्र असा आहे, की जायबंदी पावलाच्या प्रकरणी वेदनेची जबानी अवश्य नोंदवावी, परंतु तिच्यावर सर्वस्वी विसंबून निकाल देऊ नये.

याचा उत्तम दाखला एका शल्यविशारदाच्याच पायाने दिलेला आहे. लिव्हरपूलचे रॉबर्ट जोन्स हे अस्थिशल्यचिकित्सेतील अग्रगण्य नाव. नृत्य करीत असता त्यांचे पाऊल वळले आणि बाहेरच्या कडेस कळ उठली. एखादी कंडरा तुटली असावी, असा त्यांचा स्वतःचा प्रथम तर्क होता. परंतु सहकाऱ्याने क्ष-किरणांनी चित्र घेतले तेव्हा करंगळीमागचे जे लांब हाड, म्हणजे पाचवी प्रपदास्थी, ती बुडापाशी मोडलेली आढळली. क्ष-किरणांचा शोध रंटगेन यांनी १८९५ मध्ये लावला होता. जोन्स यांनी १९०२ मध्ये आपल्यासह आणखी काही रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि त्या मोडीला त्यांचेच नाव कायमचे चिकटले. पाऊल आत वळून पडणाऱ्यांत याच हाडाचे बूड वारंवार दुखावते. अगदी टोकाचा तुकडा सुटला असेल, तर तो बहुधा सहा ते आठ आठवड्यांत विनातक्रार सांधतो. परंतु त्याच्याच थोडे पुढे, जेथे रक्ताचा पुरवठा मुळातच तुटपुंजा आहे अशा जागी मोड झाली, तर महिने लोटतात आणि प्रसंगी आत स्क्रू बसवावा लागतो. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर बोटाच्या पेराएवढेही नाही आणि दोन्ही ठिकाणची कळ सारखीच असते. म्हणजे साक्षीदार एकच जबानी देतो आणि खटले मात्र भिन्न असतात.

तथापि प्रत्येक मुरगळीस क्ष-किरण चित्र काढावे असेही नाही. गुहागराहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर, आणि दुखऱ्या पायाने एस.टी.त किंवा रिक्षात बसून तो पल्ला गाठणे हे स्वतःच एक संकट असते. कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या प्रश्नाला एक साधी कसोटी दिली, आणि ती आज जगभर वापरली जाते. दुखापत झाल्यावर लगेच आणि पुन्हा तपासणीच्या वेळी मनुष्य चार पावले टाकू शकतो काय, हे पाहावे. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड व टोक, करंगळीमागच्या हाडाचे बूड आणि पावलाच्या आतल्या बाजूचे नौकाकृती हाड यांवर बोटाने दाबून पाहावे. चार पावले टाकवत नसतील किंवा या ठराविक ठिकाणी हाडावर दाबले असता दुखत असेल, तर चित्र काढावे, एरवी बहुधा गरज नाही. यातील मर्म असे, की येथे वेदनेला ‘किती’ असे कोणी विचारीत नाही. ‘नेमके कोठे’ असे विचारतात. उलटतपासणी चतुर असली, की अविश्वसनीय साक्षीदाराकडूनही उपयुक्त माहिती निघते. मात्र लहान मुले आणि ज्यांच्या पायाची संवेदना मंदावली आहे असे रुग्ण यांच्या बाबतीत या कसोटीवर विसंबता येत नाही.

मोडलेले हाड सांधते ते ठराविक क्रमाने. प्रथम मोडीच्या जागी रक्त साकळते. त्यात दोन-तीन आठवड्यांत तंतुमय व कूर्चामय असा मऊ सांधा तयार होतो. पुढे त्यात क्षार बसून तो कठीण होतो, आणि या कठीण पण ओबडधोबड सांध्याला मूळ हाडाचे रूप देण्याचे काम कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ, चालू राहते. आता अडचण अशी, की सांधा मऊ असतानाच वेदना पुष्कळशी ओसरते, म्हणजे साक्षीदार मुदतीपूर्वीच कचेरी सोडून जातो. आणि याउलट, क्षार बसलेले नसल्यामुळे तोच मऊ सांधा क्ष-किरण चित्रात दिसत नाही, त्यामुळे चित्रातील फट पाहून घाबरलेला रुग्ण बरे होत असलेला पायही उगाच उचलून धरतो. यास्तव सहाव्या आठवड्याच्या सुमारास जी तपासणी होते, तीत चित्र, बोटाचा दाब आणि भार पेलण्याची शक्ती या तिन्हींचा मेळ घालूनच पुढचा हुकूम दिला जातो.

भाराचा प्रश्न तर विशेष नाजूक आहे. जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये असे प्रतिपादन केले, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार आपली आतील रचना बदलत असते; भार असेल तेथे ते दृढ होते, नसेल तेथे झिजते. अंतराळात भारहीन राहणाऱ्या प्रवाशांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, हा याच नियमाचा आधुनिक पुरावा. म्हणून विश्रांती आणि भार ही दोन्ही औषधेच समजली पाहिजेत आणि दोहोंचीही मात्रा असते. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली पोटरी काडीसारखी दिसते, घोटा ताठरलेला असतो आणि पहिली पावले परक्या पायाने टाकल्यासारखी वाटतात, ही सर्व विश्रांतीची किंमत होय. प्लॅस्टरची पट्टी डच लष्करातील शल्यचिकित्सक अँटोनिअस मथायसेन यांनी १८५१ च्या सुमारास प्रचारात आणली. भाजलेल्या जिप्समची भुकटी पाणी मिळताच ऊष्मा सोडीत पुन्हा दगडासारखी घट्ट होते, एवढाच तिचा आधार. परंतु एकदा घट्ट झालेले प्लॅस्टर पागोळ्यांखाली भिजले तर मऊ पडते, आतील कापूस दमट राहतो आणि कातडी फुगून सडू लागते; म्हणून कोकणच्या पावसाळ्यात प्लॅस्टरला रबरी किंवा प्लॅस्टिकचे आवरण घालण्याचा बंदोबस्त आधीच करावा. त्वचा फाटली असेल तर धनुर्वाताच्या लसीचा हिशेब पाहून घ्यावा आणि जखम भरेपर्यंत भातखाचरात पाय घालू नये. कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांवाटे शरीरात प्रवेश करतात.

घरातील दिनक्रमाची व्यवस्था हा उपचाराचाच भाग आहे, हे आपल्याकडे फारसे ध्यानी घेतले जात नाही. कुबडीचे वरचे टोक बगलेच्या दोन-तीन बोटे खाली असावे, मूठ मनगटाच्या वळीच्या उंचीवर यावी आणि भार बगलेवर न घेता तळहातांवर घ्यावा. बगलेवर लोंबकळत राहिल्याने तेथील मज्जातंतू दाबला जाऊन मनगट लुळे पडल्याची उदाहरणे आहेत. काठी घ्यावयाची ती दुखऱ्या बाजूच्या हातात, अशी सर्वसाधारण समजूत. वस्तुतः उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, कारण चालताना आपला उजवा पाय व डावा हात एकाच वेळी पुढे येतात आणि त्या क्षणी देहाचा भार काठीकडे वळविता येतो. ओटीच्या पायऱ्या चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, म्हणजे देह उचलण्याचे आणि सावरून खाली सोडण्याचे असे दोन्ही श्रम धडक्या पायालाच पडतात. न्हाणीत बसावयास स्टूल, शौचकूपात धरावयास दांडी, आणि रात्री माजघरातून मागील दारी जाताना उजेड, एवढी तजवीज केली तरी दुसऱ्या पडण्याचे निम्मे निमित्त नाहीसे होते. पाय लोंबकळत ठेवला की सूज उतरत नाही. कारण पायातले रक्त हृदयाकडे चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचनाने करतात, आणि ते स्वस्थ असले की रक्त खालीच रेंगाळते. म्हणून पडून असताना पाय उशांवर हृदयाहून उंच ठेवावा आणि डॉक्टरांनी मुभा दिलेली बोटे हालवीत राहावे. परंतु एकाच पायाची पोटरी अकस्मात सुजली, दाबल्यास दुखू लागली, किंवा धाप लागून छातीत कळ आली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो, आणि तेव्हा उद्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आहाराच्या बाबतीत कोकण दरिद्री नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कुळथाची पिठी प्रथिने पुरविते. आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी मासळी दोन्ही देते. उणीव पडते ती ड जीवनसत्त्वाची, आणि ती भर उन्हाच्या देशातही सर्रास आढळते. ढगाळलेले चार महिने घरात बसून काढणाऱ्या रुग्णाने त्याची रक्ततपासणी करून घ्यावी, हे इष्ट. याहून निकडीची गोष्ट तंबाखूची. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड सांधण्यास विलंब लागतो. विडी ओढणाऱ्याला हे सांगितले जाते, परंतु दातांना मिश्री लावणाऱ्या आजीला सहसा कोणी विचारीत नाही, आणि मिश्री हीही भाजलेली तंबाखूच होय.

येथवर जो साक्षीदार अतिशयोक्ती करणारा किंवा उतावळा एवढाच होता, तो मधुमेही रुग्णाच्या बाबतीत पूर्णपणे मूक होतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये रुजू झालेले पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचे निरीक्षण करून असे दाखविले, की त्या पायांचे व्रण मांस आपोआप सडल्याने होत नाहीत. बधिर पायावर एकाच जागी वारंवार पडणारा दाब कळत नाही आणि म्हणून जखम होते. हेच ज्ञान पुढे मधुमेही पायाला लागू पडले. अशा पायात हाड मोडूनही मनुष्य चालत राहतो. पाऊल लाल व सुजलेले दिसते, आणि हाताची पालथी बाजू दोन्ही पावलांवर आळीपाळीने ठेवली असता एक पाऊल दुसऱ्याहून स्पष्ट गरम लागते, पण रुग्ण म्हणतो, ‘तसं काही दुखत नाही हो.’ हे वाक्य ऐकून निश्चिंत न होता सावध होणारा डॉक्टर भेटणे हे रुग्णाचे भाग्य.

या मौनावर उपाय म्हणून इतर साक्षीदार बोलवावे लागतात. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा अंगठ्याच्या व पावलाच्या चवड्याच्या ठराविक जागी टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णास ‘लागले का’ असे विचारतात. उत्तर आले नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजतात. कंप पावणारा चिमटा हाडावर टेकवून कंप कळतो का, ते पाहतात. पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्यामागे नाडी चाचपतात. ती मंद असेल तर घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात, आणि ते ०.९ हून कमी असल्यास रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे गृहीत धरतात. रक्तातील एचबीए१सी ही तपासणी गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी ताळेबंद देते, कारण तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. ज्याने आपल्याला मधुमेह आहे हे पूर्वी कधी जाणले नव्हते, अशा माणसाला तो पाय मुरगळल्याच्या निमित्ताने प्रथम कळतो, असे घडते. अशा वेळी लंगडत रुग्णालयात जाणे हे सत्कारणीच लागते.

न दुखणाऱ्या पायाचा इशारा मुंबई इलाख्यात फार पूर्वी देण्यात आला होता. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातील आकृत्या ज्यांनी काढल्या, ते हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक म्हणून आले आणि पुढे साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होते. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात काटा रुतल्यानंतर पुढे केव्हातरी हळूहळू वाढणारी गाठ, जिला मदुरा पाय म्हणत, तिचे मूळ बुरशीत आहे असे त्यांनी ओळखले आणि १८७४ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ही गाठ सहसा दुखत नाही, आणि म्हणूनच रुग्ण फार उशिरा येतात.

हाड सांधल्यावर गुहागरकरास पहिला मोह होतो तो पुळणीवर फिरावयास जाण्याचा. तो स्वाभाविक असला, तरी मऊ वाळूवर चालण्यास कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा लागते आणि उतरत्या किनाऱ्यावर एक पाऊल सतत तिरके पडते. म्हणून आरंभ अंगणात सपाट जागी करावा. मग ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर, जाताना व येताना बाजू बदलून चालावे. कोरड्या भुसभुशीत वाळूचा क्रम सर्वांत शेवटी. एका पायावर उभे राहून तोल सांभाळण्याचा व्यायाम अवश्य करावा, कारण मुरगळलेल्या घोट्याची स्थितिज्ञानाची शक्ती मंदावते आणि तोच घोटा पुन्हा वळतो. आणि ज्याला मधुमेह आहे त्याने वाळूवर अनवाणी चालण्याचा नादच सोडून द्यावा.

राहता राहिला प्रश्न यंत्रणेचा. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेह व रक्तदाब यांसाठी तपासणी करण्याचा सरकारी उपक्रम उपकेंद्रांपर्यंत पोहोचला आहे. त्यात दंडाला पट्टी गुंडाळतात, बोटातून रक्ताचा थेंब घेतात. तेथेच नायलॉनचा तो धागा टेकवून पाहावयास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही आणि खर्चही नगण्य आहे. दवाखान्याच्या दाराशी वहाणा काढून आत येण्याची आपली वहिवाट पूर्वापार चालत आलेली आहे. रुग्ण समोर बसतो तो उघड्या पायांनीच. डॉक्टरांनी तेवढी मान खाली करावयाची आहे.