थेंबांचा हिशेब : टी ट्री तेल घरात वापरताना

औषधांच्या दुकानात, सौंदर्यप्रसाधनांच्या फळीवर आणि ऑनलाइन बाजारात हल्ली एक छोटी तपकिरी बाटली हमखास दिसते. ती टी ट्री तेलाची. मुरुमांपासून मोरीच्या वासापर्यंत आणि कोंड्यापासून भिंतीवरच्या बुरशीपर्यंत सगळ्यावर हे तेल चालतं, असं सांगितलं जातं. यातल्या काही दाव्यांना रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचा आधार आहे. काही दावे मात्र साधा भागाकार केला तरी टिकत नाहीत. शिवाय हे तेल पोटात गेलं तर विषारी असतं, ही महत्त्वाची गोष्ट बाटलीवर फार बारीक अक्षरांत लिहिलेली असते. म्हणून हे तेल घरात आणण्याआधी त्याचं झाड, त्याचं रसायन आणि मुख्य म्हणजे त्याचं प्रमाण समजून घ्यायला हवं.

दलदलीतलं झाड

या झाडाचं शास्त्रीय नाव मेलाल्यूका ऑल्टरनिफोलिया. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर किनारपट्टीवर, ओढ्यांच्या काठी आणि पाणथळ सखल जमिनीत ते मुळात वाढतं. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी त्याचं नातं नाही. ते जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरीच्या कुळातलं आहे. आपल्या बागांमध्ये लाल ब्रशसारखी फुलं येणारा बॉटलब्रश हा त्याचा जवळचा भाऊबंद. त्या प्रदेशातले मूळ रहिवासी बंजलंग लोक या झाडाची पानं ठेचून जखमेवर बांधत आणि सर्दी-खोकल्यात चुरगळलेल्या पानांचा वास घेत.

प्रयोगशाळेत या तेलाची पारख पहिल्यांदा झाली ती १९२०च्या दशकात. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी हे तेल कार्बोलिक ॲसिडपेक्षा सुमारे ११ पट प्रभावी जंतुनाशक असल्याचं दाखवलं. कार्बोलिक ॲसिड म्हणजे त्या काळी जंतुनाशकांच्या तुलनेचं प्रमाण मानलेलं द्रव्य. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियात दंतवैद्य आणि डॉक्टर हे तेल वापरू लागले. पुढे प्रतिजैविकं आली आणि ते मागे पडलं. १९७०च्या दशकानंतर पुन्हा मागणी वाढली, तशी जंगलातली पानं तोडण्याऐवजी या झाडांची शेती सुरू झाली. झाड जमिनीलगत कापतात, त्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि पुन्हा कापणी होते. पानं आणि कोवळ्या फांद्या वाफेवर ऊर्ध्वपातित करून तेल काढतात. १०० किलो ओल्या पाल्यातून साधारण एक ते दोन किलो तेल निघतं. इतकं सांद्र द्रव्य बाटलीत असतं, हे वापरताना कायम लक्षात ठेवावं.

बाटलीत काय असतं?

या तेलात शंभरच्या आसपास घटक सापडतात. त्यातला कर्ता म्हणजे टर्पिनेन-४-ऑल. आयएसओ ४७३० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो ३५ ते ४८ टक्के असायला हवा, आणि निलगिरीचा उग्र वास ज्याच्यामुळे येतो तो सिनिओल १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. टर्पिनेन-४-ऑल जंतूंच्या पेशीभोवतालचं पातळ आवरण विस्कटून टाकतो. आतले पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात, पेशीचं श्वसन मंदावतं आणि जंतू मरतो. बुरशीच्या पेशींवरही असाच परिणाम होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात या क्रियेवर अनेक वर्षं काम झालं आहे.

हेच तेल हवा, उजेड आणि उष्णता लागली की बदलतं. त्यातल्या काही घटकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पेरॉक्साइडं तयार होतात, आणि ती त्वचेला ॲलर्जी आणतात. म्हणजे जुनं, अर्धवट झाकण लावलेलं तेल ताज्या तेलापेक्षा जास्त त्रासदायक ठरतं.

त्वचेवर काय सिद्ध झालंय?

१९९०मध्ये सिडनीत १२४ रुग्णांवर एक चाचणी झाली. मुरुमांसाठी ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना केली गेली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी ट्रीचा गुण सावकाश आला, पण कोरडेपणा आणि जळजळ कमी झाली. २००२मध्ये १२६ जणांवर ५ टक्क्यांच्या शाम्पूची चाचणी झाली. चार आठवड्यांत कोंडा सरासरी ४१ टक्क्यांनी कमी झाला, तर तेल नसलेल्या शाम्पूने ११ टक्क्यांनी. पायाच्या बोटांमधल्या बुरशीवर, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे ज्यांना चिखल्या म्हणतात त्यातल्या बुरशीजन्य प्रकारावर, २५ आणि ५० टक्क्यांच्या द्रावणाचा उपयोग झाला. पण काहींच्या त्वचेचा दाह होऊन उपचार थांबवावा लागला.

या चाचण्यांमध्ये प्रत्येक वेळी प्रमाण ठरलेलं होतं. घरी तेच प्रमाण साधायचं तर हिशेब सोपा आहे. साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. चहाच्या एका चमच्यात ५ मिलिलिटर मावतं, म्हणजे १०० थेंब. त्या चमच्यातल्या खोबरेल तेलात दोन थेंब टाकले तर २ टक्के, पाच टाकले तर साधारण ५ टक्के. सुरुवात दोन थेंबांनीच करावी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली तर हे तेल आपल्यासाठी नाही, असं समजावं. डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांत ते लावू नये. लहान बाळं, गरोदर स्त्रिया आणि पायाला जखम झालेले मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. कोंड्यासाठी घरी मिश्रण करण्यापेक्षा तयार शाम्पू घेतलेला बरा, कारण त्यात तेल सारख्या प्रमाणात विरघळलेलं असतं.

बादलीतले दहा थेंब

आता घरसफाईकडे वळू. फरशी पुसायच्या बादलीत दहा थेंब टाका, घर निर्जंतुक होतं, हा सल्ला सर्रास दिला जातो. दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर. बादलीत दहा लिटर, म्हणजे दहा हजार मिलिलिटर पाणी. तेलाचं प्रमाण झालं ०.००५ टक्के. प्रयोगशाळेत त्वचेवरच्या सामान्य जंतूंना थोपवायला साधारण अर्धा ते एक टक्का तेल लागतं, म्हणजे किमान शंभर पट. शिवाय हे तेल पाण्यात विरघळतच नाही, वर तरंगतं. फरशीच्या एखाद्या कोपऱ्यात ते जास्त लागतं आणि उरलेल्या खोलीत नुसता वास राहतो. फरशी स्वच्छ होते ती साबणाने आणि घासण्याने. घरात कुणी आजारी असेल, तर त्यासाठी बनवलेलं जंतुनाशकच वापरायला हवं.

छोट्या, नेमक्या जागी मात्र हे तेल उपयोगी पडतं. २०० मिलिलिटरच्या काचेच्या फवारणीच्या बाटलीत चहाचा एक चमचा तेल घ्यावं. त्यात चमचाभर भांडी घासायचा द्रवसाबण मिसळून मग पाणी घालावं. साबणामुळे तेल पाण्यात पसरतं आणि प्रमाण साधारण अडीच टक्के होतं. मोरीच्या फरशांमधल्या फटी, कचऱ्याच्या डब्याचा तळ, खिडकीच्या रबरी पट्ट्या आणि बुटांचा आतला भाग यांवर ते फवारावं, थोडा वेळ ठेवून पुसावं. दर वेळी बाटली हलवावी, मिश्रण ताजं बनवावं. कोणत्याही ब्लीचमध्ये किंवा दुसऱ्या रसायनात ते घालू नये. पॉलिश केलेलं लाकूड आणि काही प्लास्टिकं यांवर डाग पडतात, थर्माकोल तर विरघळतं. म्हणून आधी एका कोपऱ्यात करून पाहावं.

कोकणात पावसाळ्यात कपाटात आणि भिंतीवर बुरशी धरते, तिथेही हे मिश्रण वरची बुरशी पुसायला चालतं. पण भिंतीत ओल असेल तर बुरशी पुन्हा येणारच. गळती बंद करणं, कपाट भिंतीपासून थोडं दूर ठेवणं आणि खोलीत हवा खेळती ठेवणं हाच तिचा मूळ उपाय.

धोके

हे तेल प्यायचं नाही, गुळण्यांसाठी वापरायचं नाही, दातांना लावायचं नाही. दहा मिलिलिटरपेक्षा कमी तेल पोटात जाऊनही लहान मुलांना गुंगी आल्याच्या, तोल गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूल चुकून प्यायलं तर उलटी करवू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावं. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर मार्गदर्शन करतं.

मांजर असलेल्या घरात विशेष जपावं, कारण अशा तेलांतले घटक पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते. अमेरिकेतल्या एका विषबाधा केंद्राकडे २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलामुळे बाधित झालेल्या कुत्र्या-मांजरांच्या ४४३ नोंदी झाल्या. पिसवांसाठी म्हणून अंगावर तेल चोळल्याने बरेच प्राणी अशक्तपणा, कंप आणि लटपटणं यांनी आजारी पडले. पाळीव प्राण्यांवर हे तेल लावूच नये.

आणि दिवाळीच्या दिवसांत हे ध्यानात असू द्या की हे तेल ज्वालाग्राही आहे. साठ अंशांच्या आसपास तापमानाला त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. पणत्या, उदबत्त्या आणि गॅसच्या शेगडीपासून बाटली आणि तेलाने भिजलेलं फडकं लांब ठेवावं.

खरेदी आणि साठवण

गडद काचेची छोटी बाटली घ्यावी. तिच्यावर शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असावी. टर्पिनेन-४-ऑलचं प्रमाण छापलेलं असेल तर उत्तम. बाजारात भेसळीचं तेल आढळलं आहे, म्हणून फार स्वस्त बाटलीवर भरवसा ठेवू नये. चांगलं तेल रंगहीन ते फिकट पिवळं असतं. बाटली उघडल्यावर तारीख लिहून ठेवावी, झाकण घट्ट लावावं, अंधाऱ्या, थंड आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. वास उग्र, झोंबणारा झाला की ते तेल टाकून द्यावं.

वाचकहो, टी ट्री तेलाला औषधाचा मान द्या. बाटलीजवळ एक चमचा ठेवा, थेंब मोजा आणि जिथे प्रमाण जुळत नाही तिथे साबण-पाण्यावर विश्वास ठेवा.