घरचा सिनेमावाला

लग्नमुंजीचा मोसम जवळ आला, की ओळखीच्या मंडळींकडून मला एक प्रश्न हटकून येतो : ‘घरी वापरायला व्हिडिओ कॅमेरा कोणता घ्यावा हो?’ मी काही या धंद्यातला माणूस नव्हे. पण गेली तीस-पस्तीस वर्षे घरातल्या प्रत्येक कार्यात कॅमेरा घेऊन लोकांच्या पायांत आलो आहे; आणि हौशी माणसाचा सल्ला फुकट मिळतो, हा त्याचा मोठाच गुण!

आता कोणी म्हणेल, खिशाखिशात मोबाइल असताना वेगळ्या कॅमेऱ्याचे हे खूळ कशाला? आक्षेप रास्त आहे. पाचदहा मिनिटांचे चित्रण, वाढदिवसाचा केक, अंगणातली रांगोळी एवढीच गरज असेल, तर वाचकहो, पैसे जपून ठेवा. आजच्या बऱ्यापैकी फोनमधला मुख्य सेन्सर – म्हणजे प्रकाश टिपणारी ती चिमुकली चकती – कितीतरी घरगुती कॅमकॉर्डरांपेक्षा मोठा असतो. पणत्यांच्या मंद उजेडात फोनचेच चित्र सरस उतरते, हे मी स्वतः दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आहे.

मग कॅमकॉर्डर (आपल्याकडे सर्रास ज्याला ‘हँडीकॅम’ म्हणतात तो, वास्तविक हे सोनी कंपनीचे नाव, पण डालड्यासारखे ते साऱ्या जातीलाच चिकटले) हवा कोणाला?

माझ्या मते, ज्याला लांबून आणि खूप वेळ चित्रण करायचे आहे त्याला. आमच्या नातीचा कथ्थकचा कार्यक्रम झाला, तेव्हा आम्हांला अठरावी रांग मिळाली. तिथून फोनने घेतलेल्या चित्रात नात म्हणजे एक लाल ठिपका! कॅमकॉर्डरचे खरे वैभव त्याच्या भिंगात आहे. भिंगेच पुढेमागे सरकून जे दृश्य जवळ आणतात, तो ‘ऑप्टिकल झूम’. तो १० पट, २० पट असला तरी चित्राचा कस टिकतो. ‘डिजिटल झूम’ म्हणजे मात्र चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला शेकड्यांतला आकडा या दुसऱ्याचाच असतो. तिकडे ढुंकूनही पाहू नये. इंटरनेटवरच्या दुकानांत चारसहा हजारांत ‘४-के’ म्हणून मिळणारे जे अनोळखी नावांचे कॅमेरे आहेत, त्यांपैकी पुष्कळांत हलणारे भिंगच नसते. अशा कॅमेऱ्यापेक्षा हातातला फोन बरा.

परंतु झूमच्या नादात लोक उलट्या टोकाला विसरतात. आपली घरे केवढी? दहा बाय बाराच्या खोलीत सत्यनारायणाची पूजा, भटजी, यजमान जोडपे आणि मागे उभी राहिलेली चार माणसे एका चौकटीत बसवायची असतील, तर भिंग किती रुंद पाहते हे महत्त्वाचे. जुने फितीचे कॅमेरे या बाबतीत कद्रू होते. मी भिंतीला पाठ लावून, क्वचित बाल्कनीत जाऊन चित्रण केले आहे. दुकानात गेलात, की कॅमेऱ्यातून समोरची इमारत पाहू नका. दुकानदारालाच त्याच्या गल्ल्यासकट जवळून पाहा. तो सगळा दिसला, तर तुमची मंडळीही मावतील.

वेळेचीही गोष्ट आहे. फोन तासभर सलग चालवला, की तापतो, बॅटरी टाकतो, शिवाय ऐन सप्तपदीत कोणाचा तरी फोन येतो. फोटोच्या कित्येक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबे. युरोपात अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात लावीत, म्हणून ही युक्ती. कॅमकॉर्डरला असले बंधन नाही.

ही सगळी चैन नवी आहे, हेही सांगायला हवे. कोडॅक कंपनीने १९३२ साली ८ मिलिमीटर फितीचा कॅमेरा आणला आणि १९६५ साली सुपर-८ आणला. त्याची ५० फुटांची फीत सव्वातीन मिनिटांत संपे. पुढे ती धुऊन येईपर्यंत वाट पाहणे आले. १९८३ साली सोनीचा बीटामूव्ही आला, तो खांद्यावर घ्यावा लागे आणि टिपलेले दाखवण्याची सोय त्याच्यात नव्हतीच! १९८९ साली मात्र त्याच कंपनीने ७९० ग्रॅमचा, जवळजवळ पासपोर्टाएवढ्या आकाराचा म्हणून गाजलेला कॅमेरा काढला, आणि १९९५ पासून डिजिटल फीत आली. आपल्याकडे हे कॅमेरे यायचे ते बहुधा दुबईहून नाहीतर अमेरिकेहून, कोणा भाच्या-पुतण्याच्या बॅगेतून. त्यात अमेरिकेचा आला, की घोटाळा : त्यांची चित्रे सेकंदाला ३०, आपली २५. त्यांची फीत इथल्या टीव्हीवर नीट दिसेना.

तो घोटाळा आता संपला असे वाटते, पण त्याचे शेपूट शिल्लक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा ३० किंवा ६० चित्रांवर ठेवला, तर काही ट्यूबलाइटांखाली चित्र थरथरते. कॅमेऱ्याच्या यादीत शोधून तो २५ किंवा ५० वर ठेवावा. कार्यालयातले पिवळे-निळे लुकलुकणे बहुतेक वेळा थांबते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो, त्या आवाजाकडे वळतो.

आमच्या मातोश्रींना यंदा एक्याऐंशी पुरी झाली. कोकणातल्या आजोळी जात्यावर ऐकलेल्या पुष्कळ ओव्या तिला येतात. त्यांतल्या कित्येक घरातल्याच माणसांवर रचलेल्या, कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. तिचा आवाज आता बारीक झाला आहे, आणि मधूनमधून एखादी ओळ हरवते. सौ. म्हणाली, “कॅमेरा नंतर घ्या. आधी आईंच्या ओव्या उतरवून घ्या. नाचाचा कार्यक्रम पुढच्या वर्षी पुन्हा होईल.”

तिच्या म्हणण्यातले शहाणपण यंत्रशास्त्रालाही धरून आहे. कॅमेऱ्यातला मायक्रोफोन बोलणारा आणि पंखा असा भेद करीत नाही. अंतर दुप्पट झाले, की आवाजाची तीव्रता चौथाई होते. पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. म्हणून माणसाच्या छातीशी, पदराला अडकवायचा छोटा मायक्रोफोन घ्यावा. त्याची किंमत कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ असते. कॅमकॉर्डर घेताना त्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याचे भोक आहे का, आणि कानाला लावून ऐकण्याचे दुसरे आहे का, हे आधी पाहावे. स्वस्त प्रकारांत नेमकी हीच भोके गाळतात. चित्र थोडे अंधुक असले, तरी माणूस ओळखू येतो. शब्दच लागला नाही, तर ओवी गेलीच.

साठवणीबद्दल थोडेसे. ४-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने केले, तर तासाला ४५ जीबी जागा जाते. साधे फुल एच-डी २४ मेगाबिटने केले, तर ११ जीबीच्या आत. घरातल्या टीव्हीवर फुल एच-डी पुरते. कार्डावरचे चित्रण त्याच आठवड्यात दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे. एक आपल्या घरी, एक बहिणीच्या. आणि माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील, तर नव्या कॅमेऱ्याचे पैसे आधी त्यांच्यावर खर्च करा. मुंबईच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी चढते, आणि व्हीएचएस यंत्रे बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते काम बंद केले. कॅसेट शाबूत, पण लावायला यंत्र नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. अलीकडे तरुण मुलांना जुन्या फितीच्या कॅमेऱ्यांची हौस वाटते. खुशाल करावी, फक्त तासाची फीत उतरवायला तासच लागतो, हे त्यांना सांगून ठेवावे.

आमच्या घरी मग असे ठरले : नातीसाठी २० पट ऑप्टिकल झूमचा, दोन्ही भोके असलेला फुल एच-डी कॅमकॉर्डर, तोही वापरलेला, आणि त्याच्याही आधी एक मायक्रोफोन व एक बळकट तिकाटणे. मे महिन्यात रोज दुपारी दोन ते तीन, खिडक्या लावून, फ्रिज बंद करून आम्ही आईसमोर बसलो. अकरा दुपारींत चौऱ्याण्णव ओव्या उतरल्या. हरवलेल्या ओळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भाजी निवडताना तिला आपोआप आठवत, मग सौ. धावत जाऊन मायक्रोफोन आणी.

सातव्या दुपारच्या चित्रणात एका ओवीच्या मध्येच आई थांबलेली आहे. पदराने कपाळ टिपून कॅमेऱ्याकडे पाहत ती म्हणते, “अरे, पंखा लाव आता. नाहीतर पुढची ओवी मी वर जाऊन म्हणेन.” ते आम्ही कापलेले नाही.