पणजोबा, तुम्ही नक्की कोण?

शाळेचा दाखला सांगतो एक, खासरापत्रक सांगतं दुसरंच आणि घरातली आजी तिसरंच! परभणी जिल्ह्यातल्या एका घराची वंशावळ जुळवतानाचा हा आँखों देखा हाल.

उद्या लंच टाइमला एक प्रयोग करून बघा. डबा उघडल्या उघडल्या टेबलावरच्या प्रत्येकाला विचारा, ‘तुझ्या पणजोबांचं नाव काय?’ आजोबांपर्यंत सगळे फटाफट सांगतील. पणजोबांपाशी निम्मे अडकतील. आणि खापरपणजोबा म्हटलं की, ‘थांब, घरी फोन करून सांगतो!’ शाळेतल्या पहिल्या क्रशचं आडनाव आपल्याला पाठ असतं, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच घरात कोण नांदत होतं, याचा पत्ता नसतो. त्यावाचून आपलं काही अडतही नाही म्हणा.

माझ्या रूममेटचं मात्र सॉलिड अडलं. ती पुण्यात आयटीत, घर परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात. धाकटा भाऊ बारावीला. त्याला इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनसाठी कुणबी जातीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यासाठी हवा होता पणजोबा किंवा त्यांच्याही मागच्या कुणाचा तरी ‘कुणबी’ लिहिलेला कागद. तिने आठवड्याची रजा टाकली. मी फ्रीलान्सर, मला रजेचा प्रश्नच नव्हता. बॅग भरली आणि तिच्याबरोबर रात्रीच्या बसमध्ये बसले. (या लेखातली घरातली नावं बदललेली आहेत.)

मामला काय आहे?

परभणी म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ला ते भारतात आलं, १९५६मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि १९६०मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे इथल्या एखाद्या आजोबांनी घर न सोडता तीन-तीन सरकारं पाहिली. प्रत्येक सरकारचे रजिस्टर वेगळे, भाषा वेगळी.

ऑगस्ट २०२३च्या अखेरीस जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले आणि निजामकाळातल्या नोंदींचा प्रश्न घराघरात पोचला. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. या समितीच्या कामात कुठकुठले कागद तपासले गेले, ही यादी वाचली तर चाट पडाल. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही, १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर हे तर आहेच. पण जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांचे जनरल रजिस्टर, खरेदीखतं, दत्तकपत्रं, पोलिसांचे अटक पंचनामे, तुरुंगाचे रजिस्टर आणि चक्क ताडीच्या नोंदवह्याही! म्हणजे पणजोबा कधीकाळी कोठडीत जाऊन आले असतील, तर आज पणतूचं भलं व्हायचा चान्स आहे.

राज्यभर लाखो नोंदी निघाल्या, पण त्यात मराठवाड्याचा वाटा अगदीच थोडा. मग २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटचा जीआर आला. या जीआरवर ओबीसी संघटनांचा आक्षेप आहे. आमच्या वाट्यात नवे भागीदार कशाला, हा त्यांचा सवाल. प्रकरण हायकोर्टातही गेलं. त्या वादाचा निकाल लावायला आम्ही निघालो नव्हतो. एका घराचे कागद एकमेकांशी जुळतात का, एवढंच बघायचं होतं.

आणखी एक गंमत. ‘गॅझेटमध्ये आमचं नाव आहे’ असं गावात बरेच जण सांगतात. पण गॅझेटिअर आणि जनगणनेत असतात आकडे. अमुक जिल्ह्यात कुणबी इतके, तमुक इतके. त्यात कुणाच्याही पणजोबांचं नाव नसतं. नाव शोधायचं तर गावाच्या दप्तरातच शिरावं लागतं.

एकच घर, दोन जाती

पहिल्या दिवशी घरातली ट्रंक उघडली. वडिलांच्या टीसीवर ‘हिंदू मराठा’. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावरही ‘मराठा’. चुलत्यांनी लगेच मिशीवरून हात फिरवला. ‘मंग? आपण शहाण्णव कुळी. कुणबी कामून लिहायचं?’ भाऊ म्हणाला, ‘काका, फी तुम्ही भरणार का?’ चुलते गप्प. जेवणं होईपर्यंत घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

खरं तर दोघांचंही चूक नव्हतं. ‘जो शेत कसतो तो कुणबी’ हा आपल्याकडचा जुना व्यवहार. खुद्द तुकोबांनी स्वतःला कुणबी म्हणवून घेतलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक कुणबी घरांनी आपली ओळख मराठा म्हणून लिहायला सुरुवात केली. त्यात मान होता. म्हणून शाळेत नाव घालताना बाप मास्तरांना जे सांगेल ते रजिस्टरात आणि शेतसाऱ्याच्या वहीत पटवारी ज्या रिवाजाने लिहील ते तिथे. माणूस तोच, पण प्रत्येक कागद वेगळ्या कामासाठी, वेगळ्या हाताने लिहिलेला. त्यामुळे दोन कागदांचं भांडण लागलं की ‘खोटा कुठला?’ हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, हा लिहिला कुणी, कधी आणि कशासाठी?

कोर्टही साधारण याच वाटेने जातं. जमातीच्या दाव्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं, की स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्यावं. कारण सोपं आहे. तेव्हा असा कागद करून फायदा उपटण्याचा मोह कमी होता.

फसली, बॉस!

दुसरा दिवस रेकॉर्ड रूमचा. लाल कापडात बांधलेले रुमाल, धुळीचा वास आणि शिंकांची मैफल. (मास्क न्याच.) तिथे वसुलीबाकीच्या एका नकलेवर सापडलं ‘ग्यानोबा वल्द बापू’. वल्द म्हणजे मुलगा. आडनाव नाही, जात नाही आणि साल? १३४३!

क्षणभर वाटलं, आपण थेट तुघलकाच्या काळात पोचलो. पण हे फसली साल. निजामाच्या महसुलाचं वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचं आणि त्याचे महिने आजूर, दय, बहमन असे. फसलीत ५९० मिळवा, वर्षाचे शेवटचे नऊएक महिने असतील तर ५९१. म्हणजे १३४३ हे १९३३-३४. हे गणित चुकलं तर बाप मुलापेक्षा धाकटा निघतो.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत ब्रिटिश वसाहतींच्या काळातले पूर्वज शोधणारे हौशी लोक ढिगाने आहेत. तिथे १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ला जन्मला आणि नव्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२ला. राष्ट्राध्यक्षांचंच हे, तर तुमच्या-आमच्या पणजोबांची काय कथा! तिथल्या ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या १८९० सालच्या संस्थेत सभासद व्हायचं तर स्वातंत्र्ययुद्धातल्या पूर्वजापर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडून दाखवावी लागते. एकाच गावातले एकाच नावाचे दोघे ही तिथलीही जुनी डोकेदुखी. फरक इतकाच, की तिथे बक्षीस मानाचं असतं. इथे सीट असते.

पणजोबा नंबर दोन

तिसऱ्या दिवशी दुपारी जॅकपॉट लागला. १९५४चं खासरापत्रक. नाव ‘ग्यानोबा’, जात ‘कुणबी’. स्वच्छ अक्षर, स्पष्ट नोंद. भावाने तिथेच मोबाइलवरून घरी फोन केला. संध्याकाळी पेढे आले.

पेढा तोंडात असतानाच आजी म्हणाली, ‘पर थोरलं ग्यानबा तर रझाकाराच्या आधीच गेलं होतं की!’

सगळे तिच्याकडे बघायला लागले. रझाकारांच्या आधी म्हणजे १९४८च्या आधी. मग १९५४मध्ये शेत कोण कसत होतं? मेलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं राहतं, हे आपल्याला नवं नाही. पण आजीने पुढे सांगितलं, ‘म्या लगीन होऊन आले तवा धाकलं ग्यानबा होतं. सखारामबुवाचं. तेचं शेत वढ्याच्या पल्याड.’

खासरापत्रक पुन्हा काढलं. बापाचं नाव बारीक अक्षरात होतं, ‘सखाराम’. गट जुळवला, शेत ओढ्याच्या पलीकडचंच. म्हणजे सापडले होते ते यांचे पणजोबा नव्हेत, भावकीतले दुसरे ग्यानोबा! आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. दोन भावांनी आपापल्या मुलाला एकच नाव ठेवलं आणि शंभर वर्षांनी आमचे पेढे अडकले.

इथे एक सोपा रस्ता होता. गावातल्याच एकाने तो सुचवलाही. ‘नाव तर तेच हाय. लावून द्या की. कोन बघतंय?’ भाऊ रात्रभर जागा होता. सकाळी त्यानेच सांगितलं, नको. दुसऱ्याच्या पणजोबावर इंजिनीअर व्हायचं नाही. शिवाय पडताळणीत दक्षता पथक गावात येऊन चौकशी करू शकतं. चुकीच्या माणसावर उभी केलेली वंशावळ एका प्रश्नात कोसळते आणि तेव्हा अ‍ॅडमिशनही जातं. भीती आणि प्रामाणिकपणा यांचं प्रमाण त्याच्यात किती होतं, मला माहीत नाही. पण निर्णय त्याचा होता आणि बहिणीने पाठ थोपटली.

मोडी आली धावून

मग आता? थोरले आणि धाकले ग्यानोबा एकाच आजोबांचे नातू आहेत, हे कागदावर दाखवायचं. जीआरप्रमाणे कुळातल्या नात्यातल्या व्यक्तीकडे कुणबी प्रमाणपत्र असेल आणि ती प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असेल, तर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरची समिती वंशावळीची चौकशी करते. धाकल्या ग्यानोबांच्या पणतूकडे प्रमाणपत्र होतं आणि तो तयारही झाला. अडचण एवढीच, की बापू आणि सखाराम सख्खे भाऊ होते, हे सांगणारी फक्त आजी होती. आणि तीही ऐकलेलंच सांगणार.

उत्तर निघालं भावकीतल्याच एका घरी, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या नळीत. घडीवर फाटलेला, मोडीत लिहिलेला एक कागद. घरात कुणालाच वाचता येत नव्हता. मोडी बघायला भारी दिसते, वाचायला मात्र घाम फोडते. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, डोक्यावरची रेघ आधीच ओढून ठेवलेली असते आणि अक्षरं तिला लटकत पळत असतात. उर्दू कागदांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘ण’ हे अक्षर नाही, म्हणून ‘कुणबी’चा होतो क-न-ब-ी. वाचणारा जाणकार नसेल तर माणूस आणि जात दोन्ही बदलतात.

परभणीतल्या एका मोडी जाणकार काकांनी भिंग लावलं. कागद वाटणीपत्राचा होता. फसली १३१९, म्हणजे १९०९-१०. ओढ्याच्या अलीकडचं शेत बापूला, पलीकडचं सखारामला. आणि वर लिहिलेलं, ‘बापू व सखाराम बिन ग्यानोबा’. बिन म्हणजे मुलगा. मूळ पुरुष सापडला!

काकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. चुलते, तेच शहाण्णव कुळीवाले, पुढे वाकून म्हणाले, ‘अजून एकडाव वाचा हो.’ जातीचा त्या कागदात उल्लेखच नव्हता. त्यांना त्याचं काही नव्हतं. ओढा दोन भावांनी कसा वाटून घेतला, पाणी कुणी आधी घ्यायचं, बांधावरचं आंब्याचं झाड सामाईक कसं ठेवलं, हे ते ऐकत होते. ते झाड त्यांनी लहानपणी बघितलं होतं.

अर्ज दाखल झालाय. आधी समितीची चौकशी, मग उपविभागीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, मग जिल्हा पडताळणी समितीची वैधता. भावाची सीईटीची तयारी चालूच आहे, कारण मार्क काही वंशावळीत मिळत नाहीत. आणि आजीच्या सांगण्यावरून भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलाय. सगळ्यात वर ग्यानोबा, खाली बापू आणि सखाराम, त्याखाली पुन्हा दोन ग्यानोबा. सगळ्यात खाली माझ्या रूममेटचंही नाव आहे. चुलत्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. वंशावळीत मुलींची नावं घालायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

चौकट : तुम्हालाही शोधायचंय?

• आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला. फोनवर रेकॉर्ड करा. तारखा नाही आठवणार, पण दुष्काळ, लग्नं, शेतं आठवतील.

• नावावर भाळू नका. बापाचं नाव, गाव आणि शेताचा सर्व्हे नंबर असं त्रिकूट जुळलं तरच माणूस आपला.

• ग्यानोबा, ग्यानबा, ज्ञानोबा, ज्ञानदेव अशी सगळी रूपं शोधा. आडनाव नसेल तर घाबरू नका.

• जिल्हा बदलला असेल. परतूर १९८१पर्यंत परभणीत होतं, मग जालन्यात गेलं. हिंगोली, वसमत, कळमनुरी १ मे १९९९पर्यंत परभणीतच होते. शोध दोन्हीकडे घ्या.

• जिल्हा प्रशासनाने स्कॅन करून टाकलेल्या नोंदी गाववार बघा, मग रीतसर नक्कल मागा. फोटो म्हणजे पुरावा नव्हे.

• ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख लक्षात ठेवा. तिच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा.

• विरोधात जाणारा कागद लपवू नका. तो का वेगळा आहे, ते समजून घ्या आणि समजावून सांगा.