ताडोबाला निघालात? ट्रायपॉड घरी ठेवा

मोहर्लीच्या गेटवर दर वेळी कुणीतरी भलामोठा ट्रायपॉड घेऊन दिसतं. उघड्या जिप्सीत त्याचे पाय पसरायला जागाच नसते. त्यापेक्षा रिकामी बीनबॅग आणा, चंद्रपुरात दोन किलो तांदूळ भरा आणि जिप्सीच्या दांड्यावर ठेवा. चालकदादांना इंजिन बंद करायला सांगा, मगच क्लिक करा. लेन्स १००-४०० झूमच बरी. वाघ कधी रस्त्यावरच, कधी तळ्यापलीकडे. उन्हाळ्याच्या धुळीत लेन्स बदलूच नका. काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग कापड लावा. पावसाळ्यात कोअर क्षेत्र बंद असतं, तेव्हा कॅमेरा बॅगेत कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.