नशिबाचा हिशेब

परवा कडोलीस जाण्याचा योग आला. योग म्हणतो खरा, पण खरे पाहता ते बोलावणे होते, आणि तेही काळजीचे. माझी आतेबहीण तेथे दिलेली आहे. तिचा फोन आला, "दादा, एकदा येऊन जा. पोरगा रात्र रात्र त्या संगणकापुढे बसतो आणि टक्क्यांत बोलतो. वीस टक्के, चाळीस टक्के. मला तर जुगाराचीच भाषा वाटते." तिचे भय अगदीच निराधार म्हणता येईना. पैसे लावून ऑनलाइन खेळण्याच्या नादात घरे बसल्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. म्हणूनच तर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने असल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेव्हा कोल्हापुराहून सकाळची गाडी धरली आणि निपाणी, संकेश्वर मागे टाकून दुपारच्या आत कडोली गाठली.

कडोली हे बेळगाव तालुक्यातले गाव. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा सारा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. पण गावाच्या तोंडची मराठी गेली नाही. येथे मराठी साहित्य संमेलन भरते आणि भजनाच्या पेटीला धूळ बसत नाही. माझा हा भाचा त्याच वातावरणात वाढला. आठव्या वर्षापासून तो सुट्टीसुट्टीला माझ्याकडे येऊन गाणे शिकला. गळा चांगला, लयीची समज त्याहून चांगली. मात्र गेल्या वर्षी एका स्पर्धेत ऐन मध्यलयीत त्याची तान घसरली, समेवर येता येता तो चुकला, आणि त्या दिवसापासून तंबोरा खोळीत गेला तो गेलाच.

जेवणे झाल्यावर मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो. उपदेश करावयाचा नाही असे ठरवूनच गेलो होतो. "मला दाखव तरी, काय खेळतोस ते," एवढेच म्हणालो. तो जरा बिचकला, मग हसला. "मामा, तुम्हाला काय कळणार ओ यातलं?" मी म्हणालो, "न कळेल ते तू समजाव. इतकी वर्षे मी तुला समजावले की."

खेळाचे नाव वॉरफ्रेम. कॅनडातील डिजिटल एक्स्ट्रीम्स या मंडळींनी तो 2013 साली बाजारात आणला. चार गडी मिळून यंत्राने चालविलेल्या शत्रूंशी लढतात. खेळावयास पैसा लागत नाही, मात्र ज्याला हौस असेल त्याला पैसे देऊन सामान घेता येते. भाच्याने तसे काही घेतले नव्हते, हे मी आधी विचारून घेतले. आक्काची पहिली चिंता तेथेच मिटली.

आता ते टक्के. या खेळातल्या बंदुकीची गोळी नुसती जखम करीत नाही. कधी कधी ती जखमेमागे एखादी पीडाही लावून जाते. याला खेळाडू स्टेटस म्हणतात. अग्नीची पीडा असेल तर शत्रू जळत राहतो, शीताची असेल तर मंदावतो, विषाची असेल तर अंगात भिनते. अग्नी, शीत, वीज आणि विष ही चार मूळ द्रव्ये. दोन एकत्र केली की तिसरेच काही निर्माण होते. शीत आणि विष मिळून रोग होतो, वीज आणि विष मिळून चिलखत खाणारे आम्ल होते. दोन स्वर जुळवून तिसराच भाव उभा करणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

पण पीडा दर गोळीला लागत नाही. प्रत्येक बंदुकीवर तिचा टक्का लिहिलेला असतो. गोळी लागली की यंत्र मनातल्या मनात एक फासा टाकते. दान टक्क्याच्या आत पडले तर पीडा लागली, नाही तर नाही. आणि बंदुकीत दोनतीन प्रकारचा मारा असेल तर त्यांपैकी कोणती पीडा लागावी हे प्रत्येकाच्या वाट्यावर ठरते. ज्याचा वाटा मोठा, त्याची पाळी अधिक वेळा.

"आता सांगा," भाचा म्हणाला, "बंदुकीचा टक्का वीस आहे आणि तिला नव्वद टक्के वाढ देणारा जोड लावला, तर किती झाले?"

"एकशे दहा," मी चटकन म्हणालो.

तो खूष झाला. "सगळे इथंच चुकतात, मामा. वाढ वीसाच्या नव्वद टक्के. म्हणजे अठरा. झाले अडतीस." साठ साठ टक्क्यांचे दोन जोड लावले तर ते आधी आपसांत मिळून एकशे वीस होतात, आणि वीसाचे चव्वेचाळीस होतात. टक्का शंभराच्या वर गेला, समजा एकशे चाळीस झाला, तर एक पीडा हमखास आणि दुसरीची शक्यता चाळीस टक्के.

मग त्याने एक मौज सांगितली. एका बारात अनेक छर्रे सोडणाऱ्या बंदुकींचा हिशेब पूर्वी निराळा होता. त्यांच्यावर लिहिलेला टक्का एका छर्ऱ्याचा नसून साऱ्या बाराचा असे, म्हणजे निदान एका छर्ऱ्याने तरी पीडा लावण्याचा. आठ छर्ऱ्यांच्या बंदुकीवर नव्व्याण्णव लिहिले असेल तर प्रत्येक छर्ऱ्याच्या वाट्याला जेमतेम चव्वेचाळीस येत. सरासरीने साडेतीन छर्रे कामी येणार. पण तोच आकडा पुरा शंभर झाला की आठांपैकी एकही चुकता कामा नये, म्हणून आठही हमखास! एका टक्क्याच्या फरकाने बळ दुपटीहून अधिक वाढे. 2020 च्या मार्चमध्ये कर्त्यांनी हा नियम बदलला आणि छर्ऱ्याचा टक्का छर्ऱ्यावरच लिहिला.

हे ऐकताना मला वडिलांची आठवण झाली. संस्थान विलीन होण्यापूर्वी, 1949 च्या आधी, ते ऐन तारुण्यात दरबारी चाकरीत होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. शार्ङ्गदेवाबद्दल ते फार अभिमानाने बोलत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या, तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या या शास्त्रकाराचा हुद्दा श्रीकरणाधिपाचा, म्हणजे हिशेबखात्याच्या प्रमुखाचा. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती क्रम होतात? 5040. त्यांतला अमुक क्रमांकाचा क्रम कोणता, आणि अमुक क्रम कितवा, हे काढण्याची रीत त्याने दिली आहे. गाणे आणि गणित यांची सोयरीक जुनी आहे.

आणि फाशांची व गणिताचीही. नलाख्यान आपल्या घराघरांत सांगितले जाते. ऋतुपर्ण राजाने धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे सांगितली, नलाने खाली उतरून मोजली तो ती बरोबर! त्या राजाकडून नल फाशांचे मर्म शिकला आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून निघाला. युरोपात हेच शास्त्र 1654 साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून उभे राहिले, तेही एका जुगारप्रेमी सरदाराच्या शंकेवरून. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक, 51.8 टक्के. दोन फासे चोवीस वेळा टाकले तर जोडसहा पडण्याची निम्म्याहून किंचित कमी, 49.1.

मी भाच्याला विचारले, "वीस टक्के म्हणजे पाच गोळ्यांत एक पीडा लागणारच ना?"

"नाही ना मामा! पाचही कोऱ्या जाण्याची शक्यता जवळजवळ तेहतीस टक्के असते. दहा गोळ्यांतसुद्धा दहा-अकरा टक्के. म्हणून काय बंदूक वाईट ठरत नाही. आणि पाच कोऱ्या गेल्या म्हणून सहावी लागणारच, असंही नाही. सहावीला पुन्हा वीसच. मागच्या गोळीचं पुढच्या गोळीला काही माहीत नसतं."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने म्हणालो, "मग तुझी ती तान?"

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. बराच वेळ बोलेना. मग खाली पाहत म्हणाला, "तुम्हीच म्हणालात की, मामा. बाहेर आल्यावर. 'तुझं नशीब नव्हतं.'"

वाचकहो, मी खरोखरच तसे म्हणालो होतो. मुलाला वाईट वाटू नये म्हणून, पाठीवर हात ठेवून. वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा शब्द सहज येतो. मला तो सांत्वनाचा वाटला. त्या मुलाला मात्र तो निकाल वाटला, की आपल्या कपाळी हे लिहिलेलेच नाही. यंत्रातल्या बंदुकीला तो जो न्याय देत होता, तो स्वतःला द्यायला त्याला मीच अडवून ठेवले होते.

"ते माझे चुकले," मी म्हणालो. "ती एक कोरी गेलेली गोळी होती. मी तिला नशीब म्हणावयास नको होते. आणि हेही खरे की गाणे बंदुकीहून बरे. तेथे टक्का कर्त्याने लिहिलेला, येथे रोजच्या घासण्याने तो आपला आपणच वाढवतो. शंभरावर कोणाचाच जात नाही. माझ्या वडिलांचाही गेला नव्हता. दरबारात त्यांचीही सम चुकलेली होती, ते स्वतःच सांगत."

संध्याकाळी निघताना आक्काने दाराशी विचारले, "दादा, जुगारच आहे ना?" मी म्हणालो, "नव्हे. हिशेब आहे, आणि पोरगा त्यात पक्का आहे. फक्त रात्रीच्या जागरणाचाही हिशेब त्याला एकदा मांडायला लाव."

त्याने गाणे पुन्हा सुरू केले, असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. तसे अजून झालेले नाही. चार दिवसांनी मात्र त्याचा फोन आला. तंबोऱ्याची जोडाची तार तुटली आहे, बेळगावात मिळेल की कोल्हापुराहून पाठवाल, एवढेच विचारले. तार मी त्याच दिवशी पाठविली.