निबंध कोणी सुधारायचा?

दहावीच्या मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक निबंध असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र पत्रिका असते. तीन तासांत हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहायचे असतात आणि ते मराठीतही लिहिता येतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही निबंध आला. अमेरिकेतल्या पदवीसाठी कॉमन ॲपवरून अर्ज करणाऱ्या मुलांना साडेसहाशे शब्दांच्या आत स्वतःबद्दल लिहावं लागतं. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पार तिशीपर्यंत निबंध मराठी विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही.

तरीही निबंध लिहायला बसून शिकवणारं कुणी सहसा भेटत नाही. ‘वाचन वाढव’ एवढा सल्ला मिळतो, नाहीतर तयार निबंधांचं गाइड हातात पडतं. आपण लिहिलेला कच्चा खर्डा घेऊन जाणत्या माणसासमोर बसायचं आणि त्याच्याशी बोलून तो स्वतःच पुन्हा लिहायचा, हा तिसरा मार्ग आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. त्याबद्दलच्या गैरसमजुतींचा यात मोठा वाटा आहे.

‘मदत घेतली की निबंध आपला राहत नाही’

प्रामाणिक मुलांना ही शंका आधी येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

लेखनासाठी मदत देण्याची सोय विद्यापीठं स्वतःच करतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अशी लेखन प्रयोगशाळा १९३४ मध्ये सुरू झाली. पर्ड्यू विद्यापीठातली १९७६ ची आहे आणि तिथलं मार्गदर्शन साहित्य जगभरातले विद्यार्थी इंटरनेटवर फुकट वाचतात. आपल्याकडे सोनिपतच्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी वेळ ठरवून येतो, खर्डा समोर ठेवतो, चर्चा करतो आणि आपला खर्डा घेऊन परत जातो. स्टीफन नॉर्थ या अभ्यासकाने १९८४ मध्ये या केंद्रांचं ध्येय मांडलं. त्यांच्या मते अशा केंद्राने एखादा लेख चांगला करून देण्यापेक्षा लिहिणारा माणूस चांगला घडवायचा असतो. इतक्या वर्षांनंतरही हे काम करणारे लोक त्यांचाच दाखला देतात.

याउलट पैसे घेऊन विद्यार्थ्याचा निबंध लिहून देण्याची सेवा पुरवणं इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा ठरलं आहे. तिथलीच विद्यापीठं विद्यार्थ्यांना लेखन-मार्गदर्शक देतात आणि यात कुणालाच विसंगती वाटत नाही, कारण सीमारेषा स्पष्ट आहे. मार्गदर्शकाने प्रश्न विचारला, वाचक कुठे अडखळतो ते दाखवलं, एखादा नियम दुसऱ्याच उदाहरणावरून समजावला, तर ती शिकवण झाली. त्याने वाक्य हातात दिलं, मुद्दा सुचवून तो मांडूनही दिला, विद्यार्थ्याच्या नावावर न घडलेला प्रसंग घातला, तर ते लेखन दुसऱ्याचं झालं. मग ते करणारी आई असो, दादा असो की क्लासचे सर. ज्या लेखनाला गुण मिळणार आहेत त्यात बाहेरची मदत चालते का, हे आपल्या शिक्षकांना आधी विचारून घ्यावं आणि घेतलेली मदत सांगावी. न विचारता घेतलेली साधीशी मदतही नंतर गोत्यात आणू शकते.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला तर याहून रोखठोक कारण आहे. परीक्षागृहात त्याच्या शेजारी कुणी बसलेलं नसतं. दुसऱ्याने गुळगुळीत करून दिलेले वीस निबंध घरी असले, तरी त्यातला एकही तिथे उपयोगी पडत नाही.

‘निबंध तपासणं म्हणजे शुद्धलेखन तपासणं’

सगळ्यात खोल रुजलेली समजूत ही आहे आणि नुकसानही हिच्यामुळेच सर्वाधिक होतं.

शुद्धलेखन महत्त्वाचं आहे, यात वाद नाही. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ मध्ये सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. हे अठरा नियम काही आठवड्यांत समजून घेता येतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते समजून घ्यावेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतल्या फरकाने वाक्याचा अर्थच पालटतो. पण निबंधाच्या पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसणं म्हणजे जी भिंत पाडायची आहे तिला रंग देत बसणं. जो परिच्छेद उद्या वगळायचा आहे, त्यातली वेलांटी आज कशाला सुधारायची?

एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका नववीच्या मुलीने ‘आमच्या गावातली पाणीटंचाई’ या विषयावर निबंध लिहिला आहे. सुरुवात अशी आहे : ‘पाणी म्हणजे जीवन. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे. तरीही आजच्या युगात माणसाला पाण्यासाठी वणवण करावी लागते. माणूस स्वार्थी झाला आहे.’ पुढे झाडं तोडण्याबद्दल एक परिच्छेद, शासनाच्या योजनांबद्दल एक, आणि शेवटी ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आवाहन. शुद्धलेखनाच्या पाच-सहा चुका. लाल पेन घेऊन बसलेला माणूस त्या दुरुस्त करील, ‘छान, पण हस्ताक्षर सुधार’ असा शेरा देईल आणि वही परत करील. मुलीला वाटेल, आपला निबंध जवळजवळ बरोबर होता.

आता चांगला मार्गदर्शक काय करील ते पाहा. तो पेन खाली ठेवील आणि विचारील, ‘तुमच्या घरी पाणी कोण आणतं?’ ती सांगेल, ‘आई आणि मी. टँकर आला की.’ ‘टँकर आला हे कळतं कसं?’ ‘हॉर्न वाजतो. शाळेत ऐकू येतो. मग बाई आम्हाला सोडतात.’ ‘आम्हाला म्हणजे कोणाला?’ इथे ती क्षणभर थांबेल. ‘म्हणजे... मुलींनाच. मुलगे बसून राहतात.’

निबंध इथे सुरू होतो. गावातली पाणीटंचाई मुलींच्या हजेरीत मोजता येते, हा विचार कुठल्याही गाइडमध्ये नव्हता. तो त्या मुलीच्या रोजच्या जगण्यात होता आणि लिहिण्याजोगा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मार्गदर्शकाने तिला एकही वाक्य दिलेलं नाही. त्याने फक्त योग्य जागी प्रश्न विचारला आणि ऐकून घेतलं. पुढचा खर्डा ती घरून लिहून आणील. त्यात ७१ टक्के आणि स्वार्थी माणूस बहुधा आपोआप गळून पडलेले असतील, कारण आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि जागा भरण्याची गरज उरलेली नाही.

दुसऱ्या बैठकीत प्रश्न बदलतात. ‘ही एका शाळेची गोष्ट झाली. साऱ्या तालुक्याबद्दल असं म्हणता येईल का?’ मग ती आपलं विधान आपल्या गावापुरतं आखून घ्यायला शिकते किंवा शेजारच्या गावातल्या मैत्रिणीला विचारून येते. कुठला परिच्छेद आधी, कुठला नंतर, योजनांबद्दलचा भाग हवा की नको, हे तीच ठरवते. शुद्धलेखनाची पाळी तिसऱ्या बैठकीत येते. तेव्हा ती मुलगी स्वतःहून विचारते, ‘सर, इथे दीर्घ की ऱ्हस्व?’ कारण आता हा निबंध बरोबर असावा असं तिला मनापासून वाटतं.

पुनर्लेखनाबद्दल अमेरिकेतल्या नॅन्सी सॉमर्स यांचा १९८० चा एक अभ्यास या कामात पायाभूत मानला जातो. त्यांनी कॉलेजात नव्याने आलेले वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक आपला मजकूर कसा सुधारतात ते पाहिलं. विद्यार्थी मुख्यतः शब्द बदलत होते, या शब्दापेक्षा तो बरा असं करत होते. अनुभवी लेखक आपल्या युक्तिवादाचा आकार शोधत होते आणि वाचकाच्या नजरेने मजकूर पाहत होते. मार्गदर्शकाचं बहुतेक काम म्हणजे विद्यार्थ्याला पहिल्या सवयीतून दुसऱ्या सवयीत नेणं. शुद्धलेखन हे त्यानंतर.

‘जितकं लाल, तितकी मदत’

पालकांना लालेलाल वही दिसली की सरांनी मेहनत घेतली असं वाटतं. मेहनत घेतलेली असते हे खरं, पण विद्यार्थ्याच्या पदरात त्यातलं किती पडतं? दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लेखनातल्या व्याकरणचुका दुरुस्त करत बसण्याचा उपयोग होत नाही, उलट तोटाच होतो, अशी मांडणी जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये केली. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिलं की निवडक, नेमकी आणि समजावून दिलेली दुरुस्ती उपयोगी पडते. तो वाद पुढेही चालू राहिला. माझं मत फेरिस यांच्या बाजूचं आहे. एकाच प्रकारची चूक चार ठिकाणी दिसली, तर एका ठिकाणी दाखवावी आणि उरलेल्या तीन विद्यार्थ्याने शोधाव्यात. शोधलेली चूक लक्षात राहते.

शेऱ्याशेजारी गुण लिहिण्याबद्दलही बोललं पाहिजे. इस्राएलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही शाळकरी मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांचा रस टिकला. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले, त्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. त्या प्रयोगातली कामं निबंधाची नव्हती, पण वही हातात पडताच आधी आकडा शोधणारी मुलं कुठल्याही शिक्षकाने पाहिलेली आहेत. खर्ड्याला गुण देऊ नयेत. दहापैकी सहा कळले की मुलाच्या दृष्टीने तो निबंध संपलेला असतो.

‘हुशार मुलांना याची गरज नसते’

ही समजूत थोडक्यात निकाली निघते. बहुतेक चांगल्या पुस्तकांमागे हस्तलिखित वाचून शंका विचारणारा संपादक किंवा मित्र असतो, आणि जाणत्या लेखकालाही लागतो तो वाचक विद्यार्थ्याला लागावा यात कमीपणा नाही. उलट ज्यांना सफाईदार वाक्यं सहज सुचतात, त्यांच्या निबंधातली पोकळ जागा लवकर दिसत नाही. ती दाखवणारं माणूस त्यांनाच जास्त लागतं.

‘आता हे काम यंत्र करतं’

एआयच्या चॅटबॉटला निबंध दिला की तो क्षणात नीटनेटका करून मिळतो, हे खरं आहे. माणच्या त्या मुलीचा पहिला खर्डा त्याला दिला असता, तर पाणी, पृथ्वी आणि स्वार्थी माणूस यांबद्दलचा निर्दोष निबंध तयार झाला असता. हॉर्नची गोष्ट त्यात आली नसती, कारण ती तिने कुणाला सांगितलीच नव्हती. यंत्राला ‘मला प्रश्न विचार, लिहून देऊ नकोस’ असं सांगून त्याचा चांगला उपयोग करता येतो. पण उत्तर ऐकताना समोरची मुलगी कुठे थबकली, हे शेजारी बसलेल्या माणसाला दिसतं.

परदेशी अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचं असं साधन कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सात साधनांना टोफेल परीक्षेचे ९१ निबंध दाखवले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते, तरी त्यांतले सरासरी ६१ टक्के यंत्राचे ठरवले गेले. साधी, मोजकी शब्दसंपत्ती असलेलं प्रामाणिक इंग्रजीही असं संशयात सापडू शकतं. म्हणून प्रत्येक खर्डा तारीख घालून जपून ठेवा. कच्च्या मजकुरापासून पक्क्यापर्यंतचा प्रवास दाखवता आला, तर निबंध तुमचाच आहे हे सांगायला त्याहून चांगला पुरावा नाही.

मार्गदर्शक नामवंत लेखक किंवा महागड्या क्लासचा असायला हवा असंही नाही. शाळेतल्या मराठीच्या बाई, गावच्या वाचनालयातले ग्रंथपाल, वरच्या वर्गातली वाचणारी ताई, यांपैकी कुणीही चालेल. ऐकून घेणारं आणि न समजलेलं ‘समजलं नाही’ असं सांगणारं माणूस हवं. जाताना प्रश्नपत्रिकेतला विषय जसाच्या तसा लिहून न्या, खर्डा न्या आणि ‘कसा वाटला?’ असं मोघम न विचारता एक नेमकी शंका विचारा : ‘माझा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कळतो का?’ निबंध मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे अडखळण्याच्या जागा तुम्हालाच सापडतील. निबंध द्यायच्या आदल्या रात्री जाऊ नका. पुन्हा लिहायला किमान चार दिवस हाताशी ठेवा. आणि समोरच्याने पेन उचलून तुमचं वाक्य बदलायला घेतलं, तर नम्रपणे थांबवा : ‘सर, काय चुकलं ते सांगा. लिहिते मी.’